सतराव्या वळणावरचा डबा

डोंगरातल्या अइरोलो गावाच्या वरच्या आळीत, चर्चच्या मागे, एर्सिलिया राहते. वय एकाहत्तर, गुडघे त्याहून दहा वर्षांनी थोर आणि जीभ मात्र अजून विशीतली. नवरा देलिओ जाऊन तीन वर्षं झाली. मुलगी लोरेन्झा तिकडे विंटरथूरला, जर्मन बोलणाऱ्या मुलखात असते. दर रविवारी फोन करते आणि दर रविवारी तेच विचारते, "मम्मा, इकडे कधी येतेस राहायला?" एर्सिलियाही दर रविवारी तेच सांगते, "गुडघे बरे झाले की." गुडघे काही बरे व्हायचे नाहीत हे दोघींना ठाऊक आहे, त्यामुळे भांडण होत नाही.

देलिओ रस्त्याचा माणूस. त्रेमोलाच्या जुन्या घाटरस्त्यावर त्याने अडतीस वर्षं नोकरी केली. आता सगळी दुनिया गावाखालच्या बोगद्यातून सुसाट पलीकडे जाते. वर घाटात चढतात ते सायकलवाले, फोटोवाले आणि ज्यांचा वेळ जात नाही ते. देलिओच्या लेखी मात्र रस्ता तो एकच, बाकी सगळी पळवाट. दर वर्षी बर्फ उतरला की उखडलेले फरशीचे दगड तो गुडघे टेकून पुन्हा बसवायचा. एकेक दगड हातोडीने ठोकायचा आणि कान देऊन ऐकायचा. नीट बसलेल्या दगडाचा आवाज वेगळा येतो म्हणे. एर्सिलियाला तो फरक शेवटपर्यंत कळला नाही आणि कळून घ्यायची तिला गरजही वाटली नाही.

असा माणूस निवृत्त झाल्यावर काय करणार? आमच्या गावातले बाकीचे म्हातारे कॅफेत बसून पत्ते कुटतात आणि सरकारला शिव्या देतात. देलिओने घाटात डबा लपवला.

जिओकॅशिंग नावाचा खेळ आहे. कुणीतरी डोंगरात डबा लपवतो, डब्यात वही ठेवतो आणि त्या जागेचे आकडे इंटरनेटवरच्या यादीत टाकतो. मग कुठले कुठले लोक फोन हातात धरून ते आकडे हुडकत येतात, डबा शोधतात, वहीत सही करतात, डबा होता तसा लपवतात आणि घरी जाऊन त्या यादीवर चार ओळी लिहितात. बक्षीस काही नाही. एर्सिलियाने हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिच्या हातातला मक्याच्या पिठाचा पोलेंटा ढवळायचा दांडा थांबला.

"म्हणजे तू लपवायचं, त्यांनी शोधायचं आणि परत तिथेच ठेवायचं?"

"हो."

"मग शोधलं कशाला?"

"तू एकदा चल, मग कळेल."

"मला काय वेड लागलंय? बासष्टाव्या वर्षी लपाछपी खेळतोयस आणि वर बायकोलाही नाचवतोस होय रे!"

"जागा नाही हं सांगणार. तुझी तूच शोधायचीस."

"नकोच सांगू."

दर जूनमध्ये घाट उघडला की देलिओ विचारायचा, "एर्सि, येतेस?" आणि दर जूनमध्ये एर्सिलियाकडे उत्तर तयार असायचं. एकदा बटाटे लावायचे होते, एकदा पडदे धुवायचे होते, एकदा लोरेन्झाचं बाळंतपण आणि मग गुडघे. नऊ वेळा त्याने विचारलं. दहावा जून यायच्या आधी, फेब्रुवारीत, बाहेर छपराएवढा बर्फ साचलेला असताना, देलिओ सकाळची कॉफी पिता पिता खुर्चीत कलंडला. कप फुटलाही नाही.

मागे राहिला तो त्याचा टॅबलेट. कुणी डबा शोधला किंवा यादीवर काही लिहिलं की टॅबलेट टुंग करायचा आणि त्या माणसाने लिहिलेल्या चार ओळी समोर यायच्या. बंद कसा करायचा हे एर्सिलियाला माहीत नव्हतं म्हणून तो चालू राहिला, आणि पहिल्या उन्हाळ्यात तिला कळलं की आता तो बंद झाला तर आपलं काही खरं नाही. जून ते ऑक्टोबर साठ-सत्तर टुंग यायचे. ती खिडकीशी बसून कॉफीबरोबर वाचायची. जर्मन मजकूर अडखळत, बोट ठेवून वाचायची. ल्युसर्नचं जोडपं आणि त्यांचा कुत्रा. वाऱ्याने टोपी उडाली म्हणून सगळ्या घाटाला नावं ठेवणारा एक डच माणूस. प्रागची एक बाई एकटीच आली होती. तिने लिहिलं होतं, 'वळणावर बसून खूप रडले, कारण सांगत नाही. डबा छान आहे.' एर्सिलिया त्या बाईचा आठवडाभर विचार करत राहिली. तिचं बरं झालं असेल ना, असं तिने चर्चमध्येसुद्धा मनाशी विचारलं.

तक्रारही असायची आणि ती बहुतेकांची एकच असायची. 'सूचना अगदी निरुपयोगी आहे.' सूचना म्हणजे डब्याच्या जागेबद्दल मालकाने दिलेला इशारा. ज्याला मदत नको त्याने चुकून वाचू नये म्हणून ती अक्षरं उलटीपालटी करून लिहायची, अशी या लोकांची रीत. एर्सिलियाला ही रीत माहीत नव्हती. यादीच्या पानावर तळाशी अगम्य अक्षरांची ओळ दिसायची आणि तिथे टॅबलेट बिघडलाय असंच ती धरून चालली होती. कधी कुणी लिहायचं, 'पहिली ओळ अजून मोकळीच आहे.' त्याचाही अर्थ तिला लागत नसे. डब्यात काय सापडलं ते यादीवर फोडायचं नाही हीदेखील या लोकांची रीत, त्यामुळे कुणी त्याहून जास्त बोलत नसे.

यादीवर देलिओचं नाव होतं 'कँटोनिएरे चोवीस', म्हणजे चोवीस वळणांचा रस्तेवाला, आणि डब्याचं नाव 'सतरावं वळण'. लोक त्यालाच उद्देशून लिहायचे. 'रस्तेवाल्या, आभार.' 'रस्तेवाल्या, तुझा रस्ता काय सुंदर आहे रे!' त्यांच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हतं की रस्तेवाला आता नाही. गावात देलिओ मेला होता. पेन्शनच्या कागदांवर मेला होता, कबरस्तानात त्याचा दगड होता. या यादीवर मात्र तो जिवंत होता आणि लोकांचे आभार घेत होता. एर्सिलियाने कुणालाही काही कळवलं नाही. कशाला कळवायचं?

हिवाळ्यात मात्र सगळं थंड. घाट बंद, टुंग बंद. आठ महिने घरात आवाज म्हणजे फ्रीजचा आणि तिचा स्वतःचा. ती स्वतःशी मोठ्याने भांडायची, पण स्वतःशी भांडण्यात काही दम नसतो.

या वर्षी ऑगस्टमध्ये माशी शिंकली. लागोपाठ तिघांनी लिहिलं, 'सापडला नाही.' मग सेप्प नावाच्या एका उत्साही गृहस्थाने लिहिलं, 'तासभर शोधलं. डबा गेलेला दिसतोय. रस्तेवाल्याला त्रास नको म्हणून मीच नवीन डबा ठेवून आलोय.' पुढे अंगठ्याचं चित्र. या खेळातला हा नेहमीचा आगाऊपणा आहे. स्वतःला सापडला नाही म्हणजे तो नाहीच, असं मानून माणूस खिशातली प्लॅस्टिकची नळी दगडाखाली सरकवतो आणि उपकार केल्याच्या थाटात घरी जातो. मग कुणाला नळी सापडली, कुणाला काहीच सापडलं नाही, एकाने लिहिलं, 'हा तो डबा नव्हे.' सप्टेंबरात यादीच्या तपासनिसाचा निरोप आला.

'प्रिय कँटोनिएरे चोवीस, ऑक्टोबरच्या पंधरा तारखेपर्यंत आपण जागेवर जाऊन डबा पाहावा आणि तसं इथे लिहावं. नाहीतर आपला डबा यादीतून कायमचा काढावा लागेल.'

एर्सिलियाने ते दोनदा वाचलं आणि रविवार नसताना मुलीला फोन लावला.

"मम्मा, जाऊ दे ना तो डबा," लोरेन्झा म्हणाली.

"जाऊ दे काय? बाबाच्या हातची वही आहे त्यात."

"त्याचं अक्षर हवंय ना तुला? माझ्याकडे त्याची पत्रं आहेत, पाठवते."

"ती तुला लिहिलेली आहेत."

खरं होतं ते. सत्तेचाळीस वर्षं एकाच घरात नांदलेल्या बायकोला कोण कशाला पत्र लिहील? एर्सिलियाकडे देलिओच्या अक्षरातल्या दोन चिठ्ठ्या होत्या. एकीवर 'दूध, खिळे' आणि दुसरीवर 'मांजर आत आहे'. मांजर मरून सहा वर्षं झाली होती. चिठ्ठी अजून फ्रीजवर होती.

तिने मनाशी ठरवलं. वर जायचं, डबा असला तर त्यात नवी वही ठेवायची आणि जुनी घरी आणायची. डबा राहील आणि आपल्यालाही हिवाळ्याला काहीतरी होईल. ठरवायला एक दिवस लागला आणि निघायला तीन आठवडे. आधी गुडघा सुजला, मग धुकं, मग पाऊस. खरं सांगायचं तर भीती वाटत होती. देलिओने नऊ वेळा बोलावलं तेव्हा गेले नाही आणि आता त्याच्या मागे जायचं, कुठल्या तोंडाने? बारा ऑक्टोबरला घाटावरून जाणारी हंगामातली शेवटची बस होती. ती चुकली असती तर विषय संपला असता.

ती छोटी पिवळी बस निवेस चालवते. निवेस पन्नाशीची, धिप्पाड, घाटाच्या प्रत्येक वळणावर तीन सुरांचा भोंगा वाजवणारी. एर्सिलियाला पायरी चढताना बघून तिने कपाळाला हात लावला.

"एर्सिलियाबाई! चुकून चढलात की काय? बाजार तिकडे आहे."

"डोळे शाबूत आहेत माझे. मला सतराव्या वळणावर उतरव."

"तिथे थांबा नाही."

"मला काय सांगतेस? माझ्या नवऱ्याने बांधलाय तो रस्ता."

"बांधला नाही हो, दुरुस्त केला. बांधला तेव्हा त्याचा आजा रांगत होता." निवेस हसली. मग तिने एर्सिलियाच्या हातातल्या फोनकडे पाहिलं आणि तिचा आवाज उतरला. "देलिओचा डबा?"

एर्सिलियाने मान हलवली.

"शोधकरी दिसतात मला रोज. भिंतीशी ओणवे झालेले असतात, बस आली की आकाशाकडे बघायचं नाटक करतात. या महिन्यात सगळे हात हलवत परत आले." निवेसने गिअर टाकला. "सोडते तुम्हाला. वर माझा तासभर मुक्काम आहे. तीन वाजून पाच मिनिटांनी परत येईन. वरच्या वळणावर भोंगा ऐकलात की रस्त्याच्या कडेला येऊन उभ्या राहा. मागे गाडी असली तर फार वेळ थांबता येणार नाही मला. आणि सूचना उलगडून बघितलीत का?"

"कुठली सूचना?"

"ती उलटी अक्षरं. त्यांच्यावर बोट दाबलं की सरळ होतात."

"ती कुणाच्या कामाची नाही म्हणतात सगळे."

"तुम्ही कधीपासून सगळ्यांचं ऐकायला लागलात?"

सतराव्या वळणावर बस तिला सोडून गेली. भोंगा एकेका वळणाने वर वर जात ऐकू येईनासा झाला. मग फक्त वारा आणि खाली कुठेतरी ओढा. डोंगरमाथ्यावर पांढरं दिसायला लागलं होतं. या रस्त्यावर देलिओ अडतीस वर्षं असाच एकटा असायचा आणि संध्याकाळी घरी आल्यावर आपण त्याला विचारायचो, 'काय केलंस दिवसभर?' तो म्हणायचा, 'काही नाही, दगड.' एर्सिलियाला ते आठवलं आणि तिने कोटाची वरची गुंडी लावली.

फोनवरच्या आकड्यांनी तिला वळणाच्या भिंतीपाशी आणलं. दरीत दोन्हीकडे कडे असले की हे आकडे भरवशाचे राहत नाहीत, दहा-वीस पावलं इकडेतिकडे होतात. ते तिला कोण सांगणार? तिने भिंतीतली एकेक फट काठीने चाचपली. गुडघा बोंबलत होता. पाऊण तास गेला तेव्हा एका सैल दगडामागे काठीला काहीतरी हलकं लागलं. तिने हात घातला.

निळी प्लॅस्टिकची नळी, बोटाएवढी. आत कागदाची एक पट्टी, पट्टीवर पाच नावं, सगळ्यात वर सेप्प.

एवढंच. वही नाही, देलिओ नाही. एर्सिलिया कठड्याच्या दगडाला टेकून उभी राहिली आणि तिला रडू आलं. कुणी बघायला नव्हतं म्हणून तिने ते पुसलंही नाही. नऊ वेळा बोलावलं होतं त्याने. एकदा जरी आले असते तर आज जागा तरी ठाऊक असती. तिला स्वतःचा इतका राग आला की ती मोठ्याने म्हणाली, "पडदे धुवायचे होते म्हणे!"

मग करण्यासारखं काही उरलं नाही म्हणून तिने चष्मा पुसला, फोनवर यादीचं पान उघडलं आणि तळाच्या त्या बिघडलेल्या अक्षरांवर बोट दाबलं.

अक्षरं सरळ झाली.

'जिथे ती रुसून बसली आणि माझ्या वाट्याची सालामीसुद्धा एकटीने खाल्ली.'

एकावन्न वर्षांपूर्वीचा रविवार. एर्सिलिया वीस वर्षांची, पायात नवे बूट. देलिओ तेवीसचा, नुकताच रस्त्यावर नोकरीला लागलेला. त्याने मोपेड मागून आणली होती आणि घाटमाथ्यावरच्या तळ्याला नेतो म्हणाला होता. तळ्याकाठी हा काहीतरी विचारणार अशी तिची खात्री होती. पण पठ्ठ्या प्रत्येक वळणावर थांबला. 'हा दगड मी बसवला. हा बघ, हापण मी.' सोळा वळणं तिने ऐकून घेतलं. सतराव्याला ती मोपेडवरून उतरली, वळणाच्या वर पंधरा-वीस पावलं चालत गेली आणि पाण्याच्या मोरीपलीकडे एका सपाट कातळावर, रस्त्याकडे पाठ करून बसली. शिदोरीची पिशवी तिच्याकडे होती. रागाच्या भरात तिने सगळा पाव आणि सगळी सालामी संपवली. देलिओ टोपी हातात धरून मागे उभा.

"चुकलं," तो म्हणाला होता.

"तुझ्या त्या दगडांशी लग्न कर."

"विचारलं त्यांना. नको म्हणतात."

तोंडात घास असताना तिला हसू फुटलं, ठसका लागला आणि रुसवा वाया गेला. तळ्यापर्यंत ते पोचलेच नाहीत. लग्नाचं देलिओने त्यानंतर वेगळं काही विचारलंही नाही. ठरल्यातच जमा होतं.

बारा वर्षं सगळे म्हणत होते, सूचना कुणाच्या कामाची नाही. असणारच नाही! जगात फक्त एका माणसाच्या कामाची होती ती, आणि ते माणूस खाली घरात पडदे धूत होतं.

एर्सिलिया काठी टेकत चढ चढली. मोरी तिथेच होती, कातळही तिथेच होता. उन्हाळ्यातल्या वादळात वरून एक दगड घसरून मोरीच्या तोंडाशी आडवा बसला होता, म्हणून तर कुणाला आत काही दिसलं नव्हतं. उचलायची सोय नव्हती. पण रस्तेवाल्याच्या बायकोला चार गोष्टी ऐकून ऐकून माहीत असतात. तिने दगडाखाली काठी सारली, तो आधी डावीकडे हलवला, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. दगड स्वतःच्या वजनाने बाजूला झाला. पालथी पडून तिने मोरीत हात घातला.

ॲल्युमिनियमचा जेवणाचा डबा. झाकणाला पोचा, कडीला तांबडी दोरी. हा डबा हरवला म्हणून बारा वर्षांपूर्वी तिने देलिओला तीन दिवस बोल लावले होते. तो मान खाली घालून मुकाट ऐकत होता, लबाड.

आत वही होती, जाड पिशवीत, कोरडी ठणठणीत. पुठ्ठ्यावर त्याचं अक्षर. 'पेन आपलं आपण आणावं. इथे पेन टिकत नाही.' तिने पहिलं पान उघडलं. पानावर त्याने पट्टीने ओळी आखल्या होत्या आणि आकडे घातले होते. एक आकड्यापुढे समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'ही ओळ एर्सिसाठी. बाकीच्यांनी दोनपासून सुरुवात करावी.'

एकची ओळ कोरी होती. दोनवर कुणीतरी बासलचा, तीनवर कुणी आणखी. पुढे पानंच्या पानं भरली होती, पाचशे-सहाशे माणसं, आणि एकानेही ती ओळ घेतली नव्हती. उलट मधूनमधून कुणी सहीच्या बाजूला लिहिलं होतं. 'एर्सि अजून आली नाही?' 'एर्सि, ये गं आता, हवा मस्त आहे.' कुणी नुसतंच, 'आम्हीही वाट बघतोय.' प्रागच्या त्या बाईची सही तिला सापडली. तिच्यापुढे होतं, 'एर्सि, नशीबवान आहेस.'

एर्सिलिया त्या कातळावर बसली. तिला वाटायचं की आपलं नाव आता फक्त लोरेन्झाला आणि दोन शेजारणींना माहीत आहे. इकडे नावगाव ठाऊक नसलेली सहाशे माणसं तिची वाट बघून गेली होती. तिला लाज वाटली, आनंद झाला आणि देलिओची फार आठवण आली. "आले रे," ती म्हणाली. "उशीर झाला, पण आले."

आणि ती सही करायला पेन शोधू लागली.

डब्यात एक पेन होतं, त्याचं टोक गंजलं होतं. तिने ते घासलं, फुंकलं, जिभेवर टेकवलं. कागदावर नुसता ओरखडा उठला. कोटाच्या खिशात चष्म्याचं घर, रुमाल, किल्ली, खोकल्याची गोळी. पिशवीत नवी कोरी वही, किराणा दुकानातून मुद्दाम आणलेली, पण पेन नाही. वही आठवणीने आणली आणि पेन विसरली! या खेळात काल आलेलं पोरसुद्धा पेन घेतल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. एर्सिलियाने पिशवी उलटी करून कातळावर झटकली. त्यातून पावाचे दोन कण पडले.

वरच्या वळणावर तीन सुरांचा भोंगा वाजला.

वही तिच्या हातात होती. पिशवीत टाकायची आणि नवी ठेवून द्यायची, एवढंच काम. त्यासाठी तर ती आली होती. घरी पेनं होती, मुबलक होती. संध्याकाळी स्वयंपाकघरात बसून निवांत सही करता आली असती, हिवाळाभर ते अक्षर उशाशी ठेवता आलं असतं. तिने वही पिशवीत घातलीही. मग तिला वाटलं, घरी केलेली सही कसली सही? इथे ये म्हणाला होता तो. दगड हलवून, पालथं पडून, या कातळावर बसून करायची ती सही. आणि पुढच्या वर्षी येणाऱ्यांनी कुणाची वाट बघायची?

दुसरा भोंगा जवळ वाजला. तिने वही पिशवीतून काढली, होती तशी गुंडाळली, डब्यात ठेवली, कडी लावली, दोरी बांधली आणि डबा मोरीत आत सारला. घसरलेला दगड तिने बाहेरच राहू दिला. सेप्पची निळी नळी मात्र खिशात घातली. मग काठी आपटत रस्त्याकडे उतरली. निवेसने दार उघडून धरलं होतं आणि मागे दोन गाड्या तुंबल्या होत्या.

"सापडला?"

"चल आधी. मागचे शिव्या देतायत."

"अहो सापडला का पण?"

"सापडला," एर्सिलिया म्हणाली. बस तीन वळणं उतरल्यावर ती पुन्हा म्हणाली, "निवेस, तुझ्याकडे पेन आहे?"

"आहे की. देऊ?"

"आता काय डोंबल करू त्याचं?"

निवेसने आरशात बघितलं. गाव येईपर्यंत तिने नुसता भोंगा वाजवला.

घरी आल्यावर एर्सिलियाने दिवा लावला, निळी नळी कचऱ्यात टाकली आणि कोट न काढताच टॅबलेटपुढे बसली. आजवर तिने यादीवर कधी एक अक्षर लिहिलं नव्हतं. एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, तिने 'कँटोनिएरे चोवीस' या नावाखाली लिहिलं. 'डबा बघितला. जागेवर आहे. वही कोरडी आहे. निळी नळी काढून टाकली, सेप्प यांनी पुन्हा असले उपकार करू नयेत.' तिने ते वाचून पाहिलं. देलिओ गेल्याचं लिहावं का, असा विचार मनात आला. तिने बराच वेळ बोट तसंच धरून ठेवलं आणि शेवटी वेगळंच लिहिलं. 'सगळ्यांनी पेन आठवणीने आणावं. मी विसरले. एर्सि.'

बटण दाबून ती उठली. खिडकीबाहेर बर्फ भुरभुरायला लागला होता, म्हणजे घाट उद्या-परवा बंद. टेबलाच्या खणातून तिने एक पेन काढलं, किराणाच्या पावतीच्या पाठीवर रेघ मारून बघितली आणि कोटाच्या आतल्या खिशात घातलं. मग परत खणाशी गेली आणि आणखी एक घेतलं.

पाठीमागे टॅबलेट टुंग वाजला. मग पुन्हा वाजला. कोट खुंटीला लावून झाल्यावर ती तिकडे वळली. जूनला आठ महिने होते.